वहिनीच्या काढ्यावरचा आळ

ही गोष्ट सांगायची मी चार वर्षं टाळत आलो. टाळायला कारणंही मिळत गेली. आधी दादाचं वर्षश्राद्ध व्हायचं होतं, मग पुतण्याच्या घराची वास्तुशांत आली, अशा वेळी नको म्हटलं. पुढं माझं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि डॉक्टरांनी काही दिवस लिहू-वाचू नका म्हणून सांगितलं. तेव्हा मला आतून हायसं वाटलं होतं. आता डोळे स्वच्छ आहेत, हात थरथरत नाही, आणि जिच्यासाठी हे सांगायला हवं होतं ती गेल्या पौषात गेली.

ती म्हणजे माझी वहिनी, थोरल्या भावाची बायको. आमच्या घरात आजही असं समजलं जातं की दादा गेला तो तिच्या काढ्यानं. ते खरं नाही. खरं काय ते मला ठाऊक होतं आणि मी गप्प बसलो.

मी शाहूपुरीत दोन खोल्यांत एकटा राहतो. बायको जाऊन बरीच वर्षं झाली, मुलगा पुण्याला असतो. सकाळी दूधवाल्याशी दोन वाक्यं होतात, नंतर दिवसभर तोंड उघडायचं काम पडत नाही. कधी कधी फोन आला तर पहिला शब्द घशातून खरखरत बाहेर येतो. अशा घरात जुन्या गोष्टी फार मोठ्यानं ऐकू येतात.

दादा उचगावात राहायचा. फौंड्रीत साचे भरण्यात त्याचा जन्म गेला. उभं राहून आणि वाकून त्याचे दोन्ही गुडघे कामातून गेले होते. मी हातकणंगल्याच्या शाळेत विज्ञान शिकवायचो. त्यामुळं घरात कागद आला, की तो माझ्या हातात. दवाखाना असो की सातबारा, 'मास्तरला इचारा' हे ठरलेलं. वहिनी सीमेकडची, तिच्या माहेरी निम्मं बोलणं कानडीत. मराठी वाचायला ती कधी शिकली नव्हती.

दादाच्या मोठ्या आतड्यात गाठ निघाली. ऑपरेशन झालं, ती काढली, आणि मग किमोच्या गोळ्या सुरू झाल्या. दोन आठवडे सकाळ-संध्याकाळ जेवणानंतर घ्यायच्या, एक आठवडा सुट्टी, पुन्हा दोन आठवडे. त्याच्या आधीपासून दादाला रक्त पातळ ठेवायची गोळी चालू होती, कारण दोन वर्षांपूर्वी पायाच्या शिरेत रक्त गोठलं होतं. डॉक्टरीणबाई तरुण होत्या, पण सावकाश आणि समजावून बोलायच्या. म्हणाल्या, "या दोन गोळ्या एकमेकींना जोर देतात. किमोच्या गोळीनं रक्त जास्तच पातळ होऊ शकतं. मी डोस कमी करते, पण दर आठवड्याला रक्त तपासायचं. आणि मला विचारल्याशिवाय तिसरं काही घ्यायचं नाही. सध्या आणखी काही चालू आहे का?"

"नाही," मी म्हटलं. फाईल माझ्या हातात होती, म्हणून त्यांनी मला विचारलं होतं.

त्या वेळी मी खोटं बोललो नव्हतो. दुखण्याची गोळी हे औषध असतं असं मला वाटतच नव्हतं, आणि त्याचं कारण आमचा कट्टा.

उचगावच्या देवळाजवळ आम्हा सात-आठ म्हाताऱ्यांचा कट्टा होता. मी रोज सकाळी शाहूपुरीतून स्कुटरवर तिथं जायचो. पूर्वी त्या कट्ट्यावर तंबाखू फिरायची. एकानं डबी काढली की चौघांचे हात पुढं यायचे, आणि पुढं केलेली डबी नाकारली तर माणूस दुखावायचा. मग एकेकाच्या तोंडात फोड आले, डॉक्टरांनी दम दिले, तंबाखू सुटली. पण हात पुढं करायची सवय सुटली नाही. तंबाखूच्या जागी गोळ्या फिरायला लागल्या. ज्याला जी लागू पडली ती तो दुसऱ्याला द्यायचा.

"पावणं, ही घ्या. काल माजा खांदा लोण्यागत झाला बगा."

"आन ही पांढरी कशाची?"

"ती बीपीची. तिला हात लावू नगासा, घरात मोजून ठेवत्यात."

"मग हितं कशाला आणलासा? दावायला?"

सगळे हसायचे. माझ्याकडं जुनी दोन तोंडांची डबी होती. एका बाजूला पूर्वी तंबाखू असायची, दुसऱ्या बाजूला चुना. आता तंबाखूच्या बाजूला गुडघ्याच्या गोळ्या आणि चुन्याच्या बाजूला गॅसच्या. पाकिटं त्यात मावत नसत, म्हणून कात्रीनं एकेक गोळी कापून ठेवायचो. नाव कापलं जायचं. विज्ञानाचा मास्तर बिननावाच्या गोळ्या वाटत होता, आणि त्यात मला गंमत वाटत होती.

दादा किमोच्या सुट्टीच्या आठवड्यात काठी टेकत कट्ट्यावर यायचा. बसता बसता म्हणायचा, "डबी काड तुजी. डॉक्टरच्या गोळीनं रोग जातोय आन तुज्या गोळीनं मी चालतोय." मी एक द्यायचो. पुढं तो दोन मागायला लागला, एक संध्याकाळसाठी. ती तो सदऱ्याच्या खिशात टाकायचा. मग सुट्टीच्या आठवड्याचंही भान उरलं नाही. त्याला यायला जमलं नाही तर मी घरी जाऊन द्यायचो. थोरल्या भावाला आपल्याकडून काहीतरी मिळतंय याचं मला सुख होतं. आयुष्यभर तोच मला देत आला होता. माझ्या डीएडची फी त्यानं साचे भरून भरली.

दवाखान्यातून पहिल्याच वेळी एक लांब छापील कागद मिळाला होता. वहिनीनं तो स्वयंपाकघरात माझ्यापुढं धरला.

"भावजी, ह्यात काय लिवलंय? वाचून दावा की."

मी वरची दोन वाक्यं पाहिली. "नेहमीचंच आहे, वहिनी. गोळ्या वेळेवर घ्या, पाणी उकळून प्या."

"एवढ्या लांब कागदात एवढंच व्हय?"

बाहेरून दादा ओरडला, "मास्तर हाय त्यो! पोरांस्नी तासभर शिकवायचा आन फळ्यावर दोन ओळी!"

ती हसली नाही. कागदाची घडी करून तिनं फाईलच्या मागच्या कप्प्यात ठेवली. पुढच्या खेपेला दवाखान्यात गेलो तेव्हा तिच्या पिशवीत काढ्याची बाटली होती. गुळवेल, आलं, आणखी दोन-तीन पाले, सगळं तिच्या माहेरचं. साथीच्या दिवसांत त्याच काढ्याचे पेले आम्ही रांगेनं प्यायलो होतो आणि तिचं कौतुक केलं होतं. मी दादाला घेऊन रक्त तपासायच्या रांगेत होतो. तेवढ्यात तिनं एका नर्सबाईला गाठून ती बाटली दाखवली.

परतताना रिक्षात ती म्हणाली, "भावजी, मी त्या बाईला इचारलो. किमो संपंस्तवर काढा बंद म्हनाली ती. गोळीचं काम बिगडतंय म्हनं, लिवरला बी तरास. मी तितंच मोरीत वतून टाकलो."

"बरं केलं," मी म्हणालो.

हे मी ऐकलं होतं. हे मला पक्कं माहीत होतं. त्या रिक्षात आम्ही तिघंच होतो, आणि दादा डोळे मिटून बसला होता. त्यानंतर काढ्याच्याच जर्मनच्या पातेल्यात ती त्याच्यासाठी जिऱ्याचं पाणी उकळायची. पुतण्या सकाळी कामावर जायचा. पातेल्यातून वाफ येतेय एवढंच त्याला दिसायचं.

किमोच्या तिसऱ्या फेरीतली गोष्ट. दादाला दोन दिवस काळी शौचाला होत होती, पण त्यानं कुणाला सांगितलं नाही. दुपारी जेवायला बसला आणि पहिल्या घासालाच उलटी झाली, ती रक्ताची. पुतण्यानं गाडी काढली. मला फोन आला आणि मी दवाखान्यात पोचलो तेव्हा दादाला आत नेलं होतं. बाहेरच्या बाकावर वहिनी बसली होती. तिच्या पदराला रक्त लागलं होतं आणि ती ते बोटानं घासत होती.

डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. "रक्त फार पातळ झालंय आणि पोटातून रक्तस्राव होतोय. दुखण्याची गोळी घेत होते का? गुडघ्याची, कंबरेची? नीट आठवून सांगा."

त्यांनी माझ्याकडं बघितलं, कारण फाईल माझ्या हातात होती. डबी माझ्या खिशात होती. त्या एका क्षणात मला सगळं समजलं. मी शिकवलेलं सगळं विज्ञान त्या क्षणी माझ्या कामी आलं आणि मी म्हणालो, "नाही."

"काढा, चूर्ण, झाडपाल्याचं काही?"

"काढा हाय की," पुतण्या म्हणाला. "आई रोज उकळतिया."

"न्हाय रं, त्यो कवाच बंद केलोय," वहिनी उठून उभी राहिली. "ते जिऱ्याचं पानी हाय. भावजींना ठाव हाय. इचार त्येंना."

सगळे माझ्याकडं बघायला लागले. मी हो म्हणालो असतो, तर डॉक्टरीणबाईंनी लगेच पुढचा प्रश्न विचारला असता, मग कशानं? आणि तो प्रश्न फिरून माझ्यापाशीच आला असता.

मी म्हणालो, "मला नक्की आठवत नाही."

वहिनी माझ्याकडं बघत राहिली. रागानं नव्हे. वर्गात एखाद्या हुशार पोरानं सोप्या गणिताला चुकीचं उत्तर द्यावं आणि आपल्याला वाटावं की याला प्रश्न ऐकू गेला नसेल, तसं ती बघत होती. तिनं पुन्हा सांगितलं, "रिक्षात सांगिटलो की तुमास्नी." मी फाईल चाळायला लागलो. पुतण्या म्हणाला, "बास आई. आता तरी खोटं नगं बोलूस."

दादा वाचला. रक्त चढवलं, रक्त घट्ट होण्याची इंजेक्शनं दिली, नवव्या दिवशी घरी सोडलं. पण किमो थांबली, दोन महिने वाट पाहिली. पुन्हा सुरू करण्याएवढी ताकद त्याच्यात आली नाही. पुढच्या तपासणीत गाठ लिव्हरवर गेलेली दिसली, आणि उन्हाळ्यात तो गेला. रक्तस्राव झाला नसता आणि किमो चालू राहिली असती तर? मी एकदा डॉक्टरीणबाईंना आडून विचारलं. त्या म्हणाल्या, "एकाच गोष्टीवर बोट ठेवता येत नाही, काका. तरीही पसरली असती." त्या वाक्याला धरून मी कितीतरी दिवस काढले. पण ते वाक्य दादाच्या मरणाबद्दल होतं. वहिनीबद्दल ते काहीच सांगत नव्हतं.

मधल्या दिवसांत दादानं एकदा विचारलं होतं, "गोळी आनली न्हाईस व्हय?" मी म्हटलं, मेडिकलमधल्या संपल्यात. डबी मी त्याच आठवड्यात पंचगंगेत टाकून दिली होती. एकदा पुतण्या आईवर ओरडला, तेव्हा दादा पडल्या जागेवरून म्हणाला, "तिला काय बोलू नगंस. तिनं काय केलं न्हाय." पुतण्याला वाटलं, म्हातारा बायकोची कड घेतोय. मी तिथंच खुर्चीत बसलो होतो.

दादाच्या बाराव्याला मी पाहिलं ते सांगायला हवं. पाहुणे आले होते, वहिनीनं सवयीनं चहाचं आधण ठेवलं. सून आली आणि तिच्या हातातून पक्कड काढून घेतली. म्हणाली, "तुमी बसा, आत्ती." कुणी भांडलं नाही, कुणी वाईट शब्द काढला नाही. पण त्या दिवसापासून त्या घरात तिच्या हातचं कुणी खाईना, पिईना. नातवंडांना सांगून ठेवलं होतं, आजीनं काही दिलं तर आईला दाखवायचं. गल्लीतल्या बायका तिच्याकडून लोणच्याचा मसाला मागून न्यायच्या, त्याही यायच्या बंद झाल्या. जिच्या हाताची चव अख्खी गल्ली सांगायची, ती बाई उंबऱ्यात बसून राहायची. दोन-तीन महिन्यांनी तिचा भाऊ आला आणि तिला माहेरी घेऊन गेला. जाताना तिनं काय नेलं असेल? एक पिशवी होती. मी तिला स्टँडवर सोडायला गेलो नाही. पाठ दुखते असं सांगितलं.

कट्ट्यावर जायचं मी बंद केलं. तिथं डब्या निघताना मला बघवेना. काही दिवस त्यांचे फोन आले, मग तेही थांबले. त्याच काळात एके दिवशी फाईल आवरताना मागच्या कप्प्यातला तो लांब कागद हाताला लागला. बसून पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचला. रक्त पातळ करायच्या गोळीबद्दल त्यात होतं, आणि तिच्याबरोबर दुखण्याच्या गोळ्या घेऊ नयेत, पोटातून रक्त जाऊ शकतं, हे ठळक अक्षरांत होतं. शक्तीच्या गोळ्यांत फॉलिक अ‍ॅसिड असतं आणि त्यानं या किमोचा त्रास वाढतो, हे होतं. ताप आला तर घरच्या घरी तापाची गोळी घेऊन तो दाबू नका, आधी फोन करा. फिटच्या गोळ्या, गॅसच्या गोळ्या, गुळवेल, लसणाच्या कॅप्सूल, सगळं विचारून. आणि शेवटी एक ओळ: दुसऱ्या कुणीही दिलेली गोळी घेऊ नका. एवढ्या लांब कागदात एवढं सगळं होतं. ते वाचून दाखवायला दहा मिनिटं लागली असती. जिला वाचता येत नव्हतं तिनं त्यातली तिच्या वाट्याची गोष्ट विचारून घेतली होती.

आता मी स्वतः डॉक्टरांकडं जातो तेव्हा घरातल्या सगळ्या गोळ्या पाकिटासकट पिशवीत घालून नेतो आणि टेबलावर ओततो. डॉक्टर हसतात. म्हणतात, सगळे पेशंट असे हवेत.

दादा गेल्यानंतर दोन वर्षांनी मी वहिनीच्या माहेरी गेलो. एसटीत बसल्यापासून एकच वाक्य मनात घोळवत होतो. पुतण्याला मी सगळं सांगणार आहे, आधी तुमच्यापुढं कबूल करायला आलोय, असं ते वाक्य होतं. ती अंगणात शेंगा फोडत बसली होती. वाळली होती. मला बघून गडबडीनं उठली.

"आलासा? एकलंच आलासा? बसा की."

तिच्या भावानं आतून पाणी आणलं. तो तिला अक्का म्हणायचा आणि तिच्याशी कानडीत बोलायचा. त्यातलं मला फारसं कळलं नाही. ती आत गेली आणि थोड्या वेळानं चहाचा कप घेऊन दारात आली. पण कप माझ्या हातात देईना. दारातच थांबली आणि विचारलं, "घेनार न्हवं?"

पाहुण्याला असं कुणी विचारत नाही. दोन वर्षांत तिला हे विचारायची सवय लागली होती.

मी घेतला. गरम होता, तरी घाईनं प्यायलो. तिचा भाऊ समोर बसून तंबाखूच्या पिकाचं, पाण्याचं, शेवटच्या एसटीचं बोलत राहिला. तो उठून जाईल म्हणून मी वाट बघितली. तो उठून गेला, तेव्हा मी नातवंडांची खुशाली सांगायला लागलो. ती एकेकाचं नाव घेऊन विचारत होती. कुणाचा दात पडला, कुणाला सायकल आली. मला जेवढं ठाऊक होतं तेवढं सांगितलं, उरलेलं रचून सांगितलं.

स्टॉपपर्यंत ती माझ्याबरोबर चालत आली. एसटी लांबून येताना दिसली. तिला म्हणालो, "वहिनी." ती म्हणाली, "काय?" मी म्हणालो, "तब्येतीला जपा."

ती म्हणाली, "त्येंचं गुडघं लई दुखायचं बगा. तुमीच तेवढं बगायचासा."

तिनं हे आभार म्हणून म्हटलं, की तिला सगळं ठाऊक होतं? दादाचे सदरे तीच धुवायची. खिशातले कापलेल्या गोळ्यांचे चंदेरी तुकडे तिला सापडले असतील. सापडले असतील तर तिनं मला सोडून दिलं, आणि नसतील तर ती मला भला माणूस समजून गेली. यातलं कुठलं जास्त वाईट, ते मी एसटीच्या खिडकीतून तिला लहान होत जाताना बघत ठरवू शकलो नाही. अजूनही ठरत नाही.

गेल्या पौषात पुतण्याचा फोन आला. झोपेतच गेली म्हणाला. आम्ही पोचेपर्यंत तिच्या माणसांनी तिला त्यांच्या पद्धतीनं, न जाळता, बसवून माती दिली होती. परतताना गाडीत पुतण्या म्हणाला, "काका, कसं का असंना, आई हुती. मी माफ केलंय तिला." मी त्याच्या शेजारी बसलो होतो.

हे कागद सगळ्यात आधी त्याला देणार आहे. तो मला घरात घेईल की नाही, माहीत नाही. नातवंडांना मात्र त्यानं हे वाचून दाखवावं, सगळं, वरच्या दोन ओळींवर थांबू नये. आणि एसटीत घोळवलेलं जे तिच्यापुढं बोलायचं होतं, ते आता इथंच लिहितो.

वहिनी, काढा तुम्ही त्याच दिवशी बंद केला होता. दादाला गोळ्या मी देत होतो, आणि विचारल्यावर नाही म्हणालो तोही मीच. तुमच्या हातून काहीही चुकलं नव्हतं. तुमच्या घरात तुमच्या हातचं कुणी प्यायलं नाही ते माझ्यामुळं. मी तुमचा अपराधी आहे. मला माफ करा.